अखेरच्या दहा मीटरांचा हिशेब

या सदरात एरवी मुदतठेवी, वारसनोंदी, तारण आणि भागीदारीतील देणीघेणी यांचा ऊहापोह होतो. या महिन्याचा विषय खेळातला आहे. तथापि तो खरेदीचाही आहे, आणि खरेदी म्हटली की आपल्या वाचकांना प्रस्तावना लागत नाही. आपल्यापैकी अनेकांची मुले व नातवंडे अमेरिकेत राहतात. तिकडे सार्वजनिक उद्यानांतून डिस्क गोल्फ नावाचा खेळ खेळला जातो. त्या खेळात ‘पटर’ नावाची एक चकती लागते. ती कशी निवडावी, हा आजचा प्रश्न. वस्तू दहा-बारा डॉलरची. पण तिच्या निवडीतील गोंधळाने एका मुलाचा उत्साह आणि त्याची मैत्री कशी पणास लागली, हे मी आमच्याच घरात पाहिले आहे.

खेळ थोडक्यात असा. गोल्फमध्ये चेंडू आणि काठी असते. येथे दोहोंच्या जागी प्लॅस्टिकची चकती. ती हाताने फेकायची, जेथे पडेल तेथून पुन्हा फेकायची, आणि अखेर खांबावर बसवलेल्या लोखंडी टोपलीत पोहोचवायची. टोपलीची कड जमिनीपासून सुमारे 82 सेंटिमीटर उंच असते, म्हणजे साधारण आपल्या स्वयंपाकघरातील ओट्याइतकी. तिच्यावर साखळ्यांचा झुबका लोंबतो. चकती साखळ्यांवर आदळते, तिचा वेग मरतो आणि ती खाली टोपलीत पडते. अशा बहुधा 18 टोपल्या ओळीने पार करायच्या. ज्याच्या फेकी कमी, तो जिंकला. बहुतेक मैदाने उद्यानांतच असल्याने तेथे खेळण्यास शुल्क पडत नाही. आपल्या मंडळींना हा भाग विशेष रुचेल.

आता जमाखर्च पाहू. शंभर मीटर अंतर कापणारी, पाहणाऱ्याचे डोळे दिपवणारी फेक नोंदपत्रकात एक म्हणून लिहिली जाते. तीन मीटरांवरून टोपलीत अलगद सोडलेली चकतीही एकच म्हणून लिहिली जाते. लांब फेकीची चकती काही ठाण्यांवर पिशवीतून बाहेरही निघत नाही, पण जवळून टोपलीत टाकण्याची चकती प्रत्येक ठाण्यावर निघते. डावात किमान अठरा वेळा, आणि हात बसलेला नसेल तर तीस-पस्तीस वेळा. असे असूनही मुले दुकानात शिरली की त्यांचे लक्ष जाते ते धारदार, वेगवान, झगझगीत ड्रायव्हर चकत्यांकडे. पटर शेवटी, सुट्या पैशांत, हाताला लागेल तो उचलला जातो. ज्या वस्तूची उलाढाल सर्वाधिक तिचीच पारख सर्वांत कमी, हा व्यवहार कोणत्याही पेढीवर चालणार नाही.

पटर वेगळा का असतो, हे समजण्यासाठी थोडा इतिहास लागतो. हा खेळ रुळला तो एड हेड्रिक या गृहस्थांमुळे. ते वॅम-ओ या खेळण्यांच्या कंपनीत होते आणि फ्रिसबीच्या रचनेत त्यांनी केलेल्या सुधारणेस 1967 मध्ये पेटंट मिळाले. 1975 मध्ये कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह पार्कात त्यांनी या खेळाचे पहिले कायमचे मैदान आखले, आणि पुढच्याच वर्षी पीडीजीए ही खेळाडूंची संघटना स्थापन केली. प्रारंभी लक्ष्य म्हणून नुसते खांब होते. साखळ्यांची टोपली नंतर आली. चकत्या मात्र बोथट काठाच्या, फ्रिसबीच्याच वळणाच्या होत्या. 1983 मध्ये डेव्ह डनिपेस यांनी निमुळत्या काठाची चकती तयार केली. काठ निमुळता झाल्याने ती हवा कापत पुष्कळ दूर जाऊ लागली. पण तीच चकती टोपलीजवळ अवघड वाटू लागली, कारण तिला सरळ उडण्यासाठी वेग लागतो आणि पाच मीटरांवरून वेग द्यायचा कसा? तेव्हापासून चकत्यांची कामे विभागली गेली. लांबच्या पल्ल्यासाठी ड्रायव्हर, मधल्यासाठी मिडरेंज आणि अखेरच्या पल्ल्यासाठी पटर. पटरचा काठ जाड व बोथट, पोटाकडील खोली अधिक. तो संथ असतो, आणि संथपणा हाच त्याचा गुण. कमी वेगातही तो सरळ जातो, साखळ्यांत सापडला तर उसळत नाही, आणि हुकला तर टोपलीच्या आसपासच पडतो.

चकतीवर पुष्कळदा चार आकडे छापलेले असतात. पहिला वेगाचा, दुसरा तरंगण्याचा, तिसरा आरंभीच्या वळणाचा आणि चौथा अखेरच्या ढळण्याचा. ड्रायव्हरचा पहिला आकडा 12, 13, 14 पर्यंत जातो. पटरचा 1 ते 3 असतो. इनोव्हा कंपनीचा एव्हिएर हा या खेळातील जुना आणि प्रसिद्ध पटर; त्याचे आकडे 2, 3, 0, 1 असे आहेत. म्हणजे वेग कमी, तरंगणे बेताचे, आरंभी वळण नाही आणि उजव्या हाताने उलट्या हाताची फेक केल्यास शेवटी किंचित डावीकडे झुकणे. स्वीडनच्या कास्टाप्लास्ट कंपनीचा बर्ग हा 1, 1, 0, 2 आकड्यांचा. तो जवळजवळ तरंगतच नाही, धोंड्यासारखा बसतो, म्हणून टोपलीच्या पुढे वाहून जाण्याची भीती ज्यांना वाटते त्यांना तो आवडतो. हे आकडे कंपन्या आपापल्या अनुभवावरून देतात. ताळेबंदासारखी त्यांची कोणी लेखापरीक्षा करीत नाही, तेव्हा त्यांना दिशादर्शक मानावे, हुंडी मानू नये.

वजनाचा नियम मात्र काटेकोर आहे आणि तो मला फार आवडला. पीडीजीएच्या नियमानुसार चकतीच्या व्यासाच्या प्रत्येक सेंटिमीटरमागे कमाल 8.3 ग्रॅम वजन चालते. पटरचा व्यास साधारण 21.2 सेंटिमीटर. गुणाकार केला की 176 ग्रॅम येतात; म्हणून दुकानातील पटरांवर 173, 174, 175 असे आकडे दिसतात. मोठी माणसे या वजनाच्या आसपास राहतात, कारण जड चकती वाऱ्याला कमी दाद देते. समोरून वारा असेल तर हलकी चकती वर उचलली जाते आणि टोपलीवरून निघून जाते. लहान मुलांसाठी आणि मनगटात जोर नसलेल्या आमच्यासारख्यांसाठी 150 ते 165 ग्रॅम बरे. वजन चकतीच्या मागे लिहिलेले असते. ते वाचूनच घ्यावी. मोजून घेण्याची सवय आपल्याला शिकवावी लागत नाही.

खरी गंमत पुढे आहे. एकाच साच्यातील पटर दोन-तीन प्रकारच्या प्लॅस्टिकमध्ये मिळतो. साधे प्लॅस्टिक दहा-बारा डॉलरला, वरच्या प्रतीचे चमकदार व टिकाऊ अठरा-वीस डॉलरला. व्यापाऱ्याची नजर लगेच वरच्या प्रतीकडे जाते: टिकाऊ आहे, तर चार पैसे जास्त गेले म्हणून काय झाले? पण टोपलीत टाकण्याच्या कामाला अनेक कसलेले खेळाडूसुद्धा साधेच प्लॅस्टिक घेतात. ते किंचित खरखरीत असते, घामेजल्या बोटांतून निसटत नाही, आणि साखळ्यांवर आदळल्यावर महागड्या गुळगुळीत चकतीपेक्षा कमी उसळते. ते लवकर झिजते हे खरे. पण पाच-सात मीटरांवरून साखळीवर फेकलेली चकती झिजून झिजून किती झिजणार? झाडावर, दगडावर, डांबरी रस्त्यावर आदळते ती दुरून फेकलेली चकती. तिला टिकाऊपणा हवा. म्हणून जाणती मंडळी दोन खाती वेगळी ठेवतात: टोपलीसाठी साध्या प्लॅस्टिकचा पटर, आणि दुरून फेकण्यासाठी त्याच साच्याचा कठीण प्लॅस्टिकचा.

दुरून पटर फेकतात का, असे कोणी विचारील. 2021 च्या जागतिक स्पर्धेत, अमेरिकेतील युटा राज्यात ऑग्डेन येथे, जेम्स कॉनराड हे शेवटच्या ठाण्यावर पॉल मकबेथ यांच्यापेक्षा एका फेकीने मागे होते. त्यांनी 247 फुटांवरून, म्हणजे सुमारे 75 मीटरांवरून, एन्व्ही नावाची चकती फेकली आणि ती थेट टोपलीत गेली. बरोबरी झाली आणि पुढच्या निर्णायक ठाण्यावर कॉनराड जिंकले. एन्व्ही हा पटर आहे. ही चित्रफीत नातवाने मला एका संध्याकाळी तीन वेळा दाखवली, आणि तिन्ही वेळा तो स्वतः खुर्चीतून उठला.

हा नातू म्हणजे माझ्या मुलीचा मुलगा. वय पंधरा, वास्तव्य नॉर्थ कॅरोलायनातील शार्लट शहरी. या शहरात डिस्क गोल्फची अनेक मैदाने आहेत. 2012 ची जागतिक स्पर्धा येथेच झाली, आणि जवळच्या रॉक हिल गावी विन्थ्रॉप विद्यापीठाच्या आवारात 1999 पासून अमेरिकेची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा भरते. जावईबापूंची नोकरी बदलली, शहर बदलले, शाळा बदलली. मुलगा वर्षभर घुम्यासारखा राहिला. मग शाळेतील दोन मुलांनी त्याला शनिवारी मैदानावर नेले आणि घरात पुन्हा त्याचे हसणे ऐकू येऊ लागले, असे मुलगी फोनवर सांगत असे.

मी गेल्या उन्हाळ्यात तेथे पोहोचलो तेव्हा शनिवारी सकाळी याचे पोट दुखू लागले होते. दुसऱ्या शनिवारीही दुखले. तिसऱ्या शनिवारी मी विचारले, “अरे, हे दुखणे फक्त शनिवारीच कसे येते?” बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला, “आजोबा, माझ्यामुळे आम्ही हरतो.” ही मुले जोडीने खेळतात. दोघे एकाच जागेवरून टोपलीत टाकतात. पहिल्याची हुकली की भिस्त दुसऱ्यावर. हा दुसरा. पाच मीटरांवरून त्याच्या चकत्या हुकत होत्या आणि जोडीदार काही बोलत नव्हता. न बोलणे जास्त लागते.

जावईबापूंनी यावर आपल्या परीने उपाय केला होता. दर वाईट शनिवारनंतर एक नवा पटर. मुलाच्या पिशवीत सात पटर निघाले: सात साचे, चार प्रकारची प्लॅस्टिके, 160 पासून 175 पर्यंतची वजने. त्यांतले दोन एका दुकानदाराने “व्यावसायिक खेळाडू हाच वापरतात” या एका वाक्यावर गळ्यात मारलेले. बापाची माया त्यात होती, यात शंका नाही. परंतु दर ठाण्यावर मुलगा पिशवीत हात घालून आज कोणता, असा विचार करीत उभा राहायचा. शाखेत असताना असे ठेवीदार मी पुष्कळ पाहिले. अर्धा टक्का जास्त दिसला की चालू ठेव मुदतीपूर्वी मोडून दुसरीकडे नेणारे. दर मोडीला दंड, दर वेळी मुदत पहिल्या दिवसापासून. पटर बदलला की हाताची मुदतही पहिल्या दिवसापासून सुरू होते. बोटांना कडेची जाडी नवी, मनगटाला वजन नवे.

आम्ही सातही पटर घरामागच्या अंगणात मांडले. प्रथम डोळे मिटून नुसते हातात धरायला सांगितले. नाव, रंग, कोणत्या खेळाडूची सही, काही दिसता कामा नये. अंगठा वर सपाट बसतो का, चार बोटे काठाच्या आत मावतात की दाटतात, सोडताना काही अडते का. येथे एक बारीक गोष्ट सांगितली पाहिजे. काही पटरांच्या काठाला खालच्या बाजूस एक उंच कंगोरा असतो, त्याला ‘बीड’ म्हणतात. काहींना तो नसतो. कॅन्ससमधील एम्पोरिया गावच्या डायनॅमिक डिस्क्स कंपनीचे जज आणि वॉर्डन हे यातले सख्खे भाऊ: जजला बीड आहे, वॉर्डनला नाही, बाकी घडण जवळजवळ तीच. बीडमुळे बोटांना पकड कळते आणि झिजल्यावरही चकती आपला मार्ग बराच काळ धरून राहते. पण हात लहान असेल तर तोच कंगोरा सुटण्याच्या क्षणी बोटाला अडतो. यात श्रेष्ठ-कनिष्ठ काही नाही. जोडा पायात घालून पाहावा तसा हा प्रश्न आहे. डोळे मिटल्यावर सातांतले चार बाजूला झाले. त्यांत सर्वांत महाग दोन्ही होते.

उरलेल्या तिघांची खतावणी घातली. पाच मीटरांवरून प्रत्येकी दहा फेकी, मग सात मीटरांवरून, रोज संध्याकाळी, दोन आठवडे. वहीत फक्त ‘लागली-हुकली’ लिहिले नाही; हुकली तर कोणीकडे, हेही लिहिले: डावी, उजवी, वर, खाली. हाच या लेखातील कामाचा भाग आहे. हुकलेल्या चकत्या चहूकडे विखुरल्या असतील तर दोष पटरचा नाही; उभे राहणे, श्वास, हाताचा मार्ग, काहीतरी दर वेळी बदलते आहे आणि सराव हवा. पण हुकलेल्या बहुतेक एकाच बाजूला जात असतील तर पटर आणि हात यांचे जमत नाही, असा संशय घ्यावा. उजव्या हाताची उलटी फेक असेल आणि चकत्या उजवीकडे जात असतील तर त्या हातातून उशिरा सुटत आहेत. कंगोरा अडत असेल किंवा कड फार खोल असेल. डावीकडे खाली पडत असतील तर त्या पटरचा अखेरचा झुकाव त्या संथ फेकीला झेपत नाही, कमी झुकाव असलेला पाहावा.

फेकीच्याही दोन रीती आहेत, आणि निवडीत त्या विसरता येत नाहीत. काही जण मनगटाने चांगली फिरकी देऊन चकती सपाट रेषेत पाठवतात. काही जण हात खालून वर नेत, फिरकी थोडी ठेवून, ती उचलून टाकतात. फिरकी देणाऱ्याची चकती आपली रेषा धरते, पण हुकली तर बरीच पुढे जाते. उचलून टाकणाऱ्याची हुकली तरी टोपलीपाशीच पडते. मात्र वाऱ्यात तिची त्रेधा उडते, आणि वर सांगितलेला झुकाव तिला लवकर ओढतो. नातू संगणकावर पाहून पाहून फिरकीची रीत उचलत होता आणि हातात कठीण, गुळगुळीत प्लॅस्टिक. शार्लटच्या दमट उन्हाळ्यात ते बोटांतून निसटायचे.

वहीने वॉर्डनच्या बाजूने कौल दिला: साधे प्लॅस्टिक, 171 ग्रॅम, कंगोरा नाही. जावईबापू म्हणाले, “म्हणजे सगळ्यांत स्वस्त?” मी म्हटले, “हो. आता पैसे खर्च करायचेच असतील तर हाच आणखी दोन घ्या.” सरावाला तीन सारखे पटर हवेत. एकच असला तर प्रत्येक फेकीनंतर आणायला जावे लागते आणि हाताची लय तुटते. तीन असले तर तिसऱ्या फेकीत पहिल्या दोहोंची चूक सुधारता येते. शिवाय एखादा तळ्यात गेला तर घरी त्याचे भाऊबंद असतात. वजन शक्यतो दोन-तीन ग्रॅमांच्या आत जुळवावे. नवी चकती आरंभी किंचित ताठ असते, वापरून मुरते. तीनही आलटून पालटून वापरले की एकदमच मुरतात.

याने चमत्कार झाला, असे मी लिहिणार नाही. आठ मीटरांपलीकडे तो अजूनही निम्म्याहून अधिक हुकवतो. टोपलीभोवती दहा मीटरांच्या वर्तुळात असताना चकती सोडल्यावर तोल सावरून स्थिर झाल्याखेरीज पाऊल पुढे टाकता येत नाही, असा नियम आहे. घाईत तो एकदा पुढे गेला आणि ती फेक बाद झाली. पण पिशवीत हात घालून विचार करीत उभे राहणे संपले. पाच मीटरांवरून चकती लागू लागली तसा तो जोडीदाराच्या आधी टाकण्याची जागा मागू लागला. मी निघण्याच्या आदल्या शनिवारी सहा वाजताच बूट घालून दारात उभा होता. मुलीने डबा दिला तोही घेऊन जायला विसरला.

उरलेल्या सहा पटरांपैकी चार त्याने शाळेच्या चमूत नव्याने आलेल्या मुलांना दिले. एक दुरून फेकायला ठेवला, कारण तो कठीण प्लॅस्टिकचा आणि झाडांना पुरून उरणारा आहे. सहावा जावईबापूंच्या गाडीत असतो. रविवारी सकाळी ते मुलाबरोबर जातात, बऱ्याचदा हरतात, आणि आपल्या पटरविषयी तक्रार करतात.

परदेशी असलेल्या नातवंडांना कोणी हा पटर भेट देणार असेल तर इतकेच पाहावे: मुलाकडे आधी कोणता आहे ते त्याला विचारून घ्यावे, त्याच साच्याचा, त्याच प्लॅस्टिकचा, जवळच्या वजनाचा घ्यावा, आणि चकतीच्या पोटाशी न पुसणाऱ्या शाईने मुलाचे नाव व त्याच्या आईवडिलांचा फोन क्रमांक लिहून द्यावा. उद्यानात सापडलेली चकती फोन करून परत करण्याची तिकडे रीत आहे.